माझ्या दाजींना झालेला आजार

तीर्थस्वरूप दाजींना,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा वाकून नमस्कार. (वाकता येतंय तोवर उरकून घेतो.) तुमची प्रकृती कशी आहे? हे मी रीतीपुरतं विचारत नाही. इथे दहा-बारा माणसं दर मंगळवारी तुमच्या प्रकृतीची चौकशी करतात आणि मला काहीतरी सांगावं लागतं. गेल्या मंगळवारी तुमची भूक जरा सुधारली होती, झोपेचं मात्र काही खरं नव्हतं.

गोंधळू नका, सुरुवातीपासून सांगतो. दीड महिन्यापूर्वी माझ्या आतड्यात गाठ सापडली आणि ती कॅन्सरची निघाली. (म्हणजे गाठ मला आहे, तुम्हाला नाही. तुम्ही निर्धास्त जेवा.) डॉक्टर म्हणतात, वेळेवर सापडली, ऑपरेशन केलं की बरं होण्याची आशा चांगली आहे. हे ऐकून त्या रात्री ही शांत झोपली आणि मी जो जागा झालो तो आजतागायत. आता बघा, वीस वर्षं गाद्या विकणारा माणूस मी. दुकानाच्या पाटीवर ‘पडताक्षणी झोप’ असं हौसेने रंगवून घेतलेलं. घरची गादी बदलली, मग दुकानातल्या एकेक घरी आणून पाहिल्या, शेवटी भर दुपारी दुकानाच्या काचेमागे मांडलेल्या सगळ्यात भारी गादीवर आडवा झालो. तासाभराने मान वळवून बघतो तर बाहेर पाच-सहा माणसं उभी राहून माझे टक्क उघडे डोळे न्याहाळत होती. त्या जातीची एकही गादी त्यानंतर खपलेली नाही. ही म्हणाली, “दुखणं आतड्याचं आहे, ते धंद्याला कशाला लावताय?”

शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला मंगळवारच्या बैठकीला पिटाळलं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत कॅन्सर झालेली माणसं गोल करून बसतात. आपलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं आणि मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, एवढेच नियम. (तिसरा नियम आपल्या घराण्यात कुणाला पाळता आला असता, असं वाटत नाही.) माझी पाळी आली. गिऱ्हाइकापुढे तासभर चालणारी ही जीभ ऐनवेळी भलतीकडे वळली आणि तोंडातून निघालं, “मला काही नाही. माझ्या दाजींना झालाय.” दाजी, शपथेवर सांगतो, दुसरं कुणी आठवलंच नाही. शाळेत नापास झालो की वडिलांना चुकवून प्रगतिपुस्तकावर तुमचीच सही आणायचो ना मी? अडचणीत तुम्हाला पुढे करायची खोड जुनीच आहे.

खोटं एकदा बोललं की ते पोसावं लागतं. मग तुम्हाला झोप लागत नाही, तोंडात घास फिरत राहतो, ऑपरेशनचा विचार आला की हातपाय गार पडतात, असं दर मंगळवारी सांगत गेलो आणि घरी येताना मलाच हलकं वाटायला लागलं. तिथे एक निवृत्त बस कंडक्टरबाई आहेत. त्यांच्या ऑपरेशनला तीन वर्षं झाली. त्यांनी आपला नंबर दिला आणि म्हणाल्या, “दाजींना म्हणावं, डोळ्याला डोळा लागेना झाला की फोन करा. संकोच करू नका.” मी रात्री दोन वाजता केला आणि दाजी जागे आहेत असं कळवलं. दाजी स्वतः का बोलत नाहीत, असं त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. दाजींना डोळे मिटून पडायला सांगा म्हणाल्या आणि आपल्या जुन्या मार्गावरचे थांबे सावकाश म्हणायला लागल्या. टपाल कचेरी, पाण्याची टाकी, कोर्ट, मुलींची शाळा, लाकडाची वखार. मधूनच, “पुढे सरका, पुढे जागा आहे.” वखारीनंतर कुठला थांबा येतो, ते मला अजून माहीत नाही. सलग पाच तास झोपलो, दाजी, आणि तेही तुमच्या तिकिटावर.

पुढच्या मंगळवारी बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “तीस वर्षं विनातिकीट माणसं चेहऱ्यावरून ओळखलीत मी. एकदा आणा हो तुमच्या दाजींना.” सगळी खोली हसू दाबत होती. पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं म्हणे. इतके दिवस नुसतं ऐकून घेत होते.

असो. परवानगी न घेता तुम्हाला आजारी पाडल्याबद्दल रागवावं, पण लोभ कमी करू नये.

तुमचा,
गादीवाला मेहुणा

ता. क. काळजीचं काही कारण नाही. मी अगदी मजेत आहे, दुकानात बसतो, हसतो, खातो.

आणखी एक ता. क. वरचा ता. क. खोटा आहे. ऑपरेशन येत्या वीस तारखेला आहे आणि ताईला मी अजून सांगितलेलं नाही. चारदा फोन केला. तिचा आवाज ऐकला की ‘गाद्यांना ऊन दाखव’ एवढं सांगून ठेवून देतो. तुम्ही सांगा तिला. आणि वीसच्या आधीच्या मंगळवारी इथे या, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसा. दाजींना नाही, मला झालाय, असं एकदा मोठ्याने म्हणायचं आहे आणि ते एकट्याने जमणार नाही. मला फार भीती वाटते, दाजी. ताई रडली तर रडू द्या, समजूत घालू नका. रडून झालं की मला फोन लावून द्या. किती वाजलेत ते बघू नका. मी जागाच असतो.