जन्मतारीख आवश्यक

सोमवार, ४ मार्च

पुन्हा तारखेचीच चौकट. सकाळी नऊपासून तिच्याशी झटापट — आणि अजून ती माझ्यावरच डोळे वटारून बसली आहे.

मुलीनं जेवताना विचारलं, तू नक्की करतेस तरी काय? म्हटलं, इस्पितळात नाव नोंदवायचा फॉर्म असतो ना, त्याचे तुकडे बनवते. नावाचा तुकडा, पत्त्याचा तुकडा, जन्मतारखेचा तुकडा. एकदा नीट घडवला की तोच दहा पानांवर बसवता येतो. त्याला कंपोनंट म्हणतात. ती म्हणाली, म्हणजे विटा. बरोबर. विटाच. फक्त भाजून झाल्यावरही यांना तडे जातात.

जन्मतारखेखाली मी एक चेकबॉक्स ठेवलाय — ‘तारीख माहीत नाही’. त्यावर खूण केली की तारीख बंद आणि शेजारी अंदाजे वय लिहायची जागा उघडते. हे मागण्यांच्या कागदावर कुठंच नाही. पहिल्या बैठकीनंतर जिन्यात इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवरच्या बाईंनी मला गाठून सांगितलं होतं, की म्हाताऱ्या माणसांना तारखा माहीत नसतात, तेवढं बघा. मी हो म्हटलं होतं. चटकन हो म्हणते मी.

चेकबॉक्स दिसतो छान. पण फॉर्ममध्ये दुसरीकडं कुठं चूक राहिली — मोबाइल नंबरात एक आकडा कमी, समजा — की पान सर्व्हरवरून लाल अक्षरं घेऊन परत येतं आणि येताना खूण विसरून येतं. तारीख पुन्हा उघडी, वय पुसलेलं. का? फ्रेमवर्क — ज्या तयार सांगाड्यावर मी हे सगळं बांधते तो — म्हणतो, मी सगळं लक्षात ठेवतो. ठेवतोस कुठं?

मंगळवार, ५ मार्च

विसरतोच आहे. तीन तऱ्हा करून पाहिल्या. मान आखडली. दुपारी डबा उघडला तर चमचा नाही. बोटांनी खाल्लं आणि तसंच कीबोर्डवर!

गुरुवार, ७ मार्च

काढून टाकला.

आज काम सर्व्हरवर चढवायचंच होतं. मुकादम (आमचा टीम लीड — वयानं माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पण पाठीमागं हात बांधून टेबलांमधून फिरतो म्हणून हे नाव) दोनदा येऊन उभा राहिला. चार वाजता मुलीची पोहण्याची शर्यत. मागच्या दोन चुकवल्या होत्या. साडेतीनला मी चेकबॉक्स उडवला, वयाची जागा उडवली, तारीख सक्तीची केली. भरली नाही तर लाल ओळ — ‘जन्मतारीख आवश्यक’. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. बदलाच्या नोंदीत लिहिलं, ‘कंपोनंट सोपा केला’.

कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? अशी सोय ठरली होती हे मला आणि त्या बाईंनाच ठाऊक.

लेक तिसरी आली. ओल्या केसांनी येऊन बिलगली. माझा ब्लाऊज भिजला. मला मात्र एकीकडं सारखं वाटत होतं, काहीतरी गॅसवर ठेवून आलेय.

शुक्रवार, ८ मार्च

मुकादम खूश. ‘तारखेचं एकदम स्वच्छ झालंय.’

बुधवार, २० मार्च

इस्पितळात गेले होते. फॉर्म सुरू होऊन आठवडा झाला, म्हणून बघायला. खिडकीसमोर रांग जिन्यापर्यंत. खिडकीवरच्या बाई एका हातानं टाइप करतात आणि दुसऱ्या हातानं पुढच्या माणसाचा कागद ओढून घेतात, मान वर न करता. मी मागं स्टुलावर बसून पाहत होते.

दर चार-पाच माणसांमागं एकाची तारीख एक जानेवारी. आधी वाटलं योगायोग. मग विचारलं. त्या म्हणाल्या, तारीख नसली की तुमचं पान पुढं सरकत नाही, मग काय करू? तोंडाकडं बघायचं, साल अंदाजे टाकायचं, दहाच्या पटीत, आणि एक जानेवारी. मागं रांग खोळंबते.

मग हळूच — ‘ते अंदाजे वयाचं राहिलं वाटतं?’

मी म्हटलं, पुढच्या वेळी येतंय.

किती सहज म्हटलं. स्वतःचंच आश्चर्य वाटलं. त्यांनी मला त्यांच्या थर्मासमधला चहा दिला, झाकणातून.

सोमवार, २५ मार्च

चैन पडेना म्हणून नोंदी मोजल्या. एक जानेवारीला जन्मलेले चारशे बारा.

मुकादमला दाखवलं. त्यानं खांदे उडवले. त्यांची सवय आहे म्हणे, आपण काय करणार? नव्या मागण्या पुढच्या टप्प्यात. मी ‘बरं’ म्हणून जागेवर आले. ही मागणी नवी नाही, हे ओठांवर आलं होतं. ओठांवरच राहिलं.

मंगळवार, २ एप्रिल

घडलं ते क्रमानं लिहिते.

काल एक आजी इस्पितळात आल्या. ताप, छातीत कफ. पहिल्यांदाच आलेल्या. खिडकीवर नाव सांगितलं. साल अंदाजे एकोणीसशे पन्नास, एक जानेवारी. दोन आठवड्यांपूर्वी तंतोतंत त्याच नावा-आडनावाची दुसरी एक आजी येऊन गेली होती. तिलाही एकोणीसशे पन्नास, एक जानेवारी. नाव आणि जन्मतारीख जुळली की फॉर्म आपोआप जुनी फाइल उघडतो. तेही मीच लिहिलंय. ‘आधीची नोंद सापडली’ — हिरव्या अक्षरांत. त्याचं कौतुकही झालं होतं.

त्या फाइलीत, औषधाची ॲलर्जी — नाही. मग कुणी पुन्हा विचारलं नाही. इंजेक्शन दिलं. या आजींना त्याच औषधाची ॲलर्जी. दहा मिनिटांत श्वास अडकला. आता आयसीयूत आहेत.

हे मुकादमनं उभ्या उभ्या सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, आपला काही दोष नाही.

बुधवार, ३ एप्रिल

दोन तास मीटिंग. इस्पितळानं चौकशी लावली आहे. खिडकीवरच्या बाईंना निकाल लागेपर्यंत घरी बसवलंय. खोटी माहिती भरली, असा ठपका. त्यांनी जबाबात सांगितलं म्हणे, की अंदाजे वयाचं मी आधीच सांगितलं होतं. कुणाला सांगितलं? तर, कंपनीच्या बाईंना. लेखी आहे का? नाही.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाण्याची बाटली उघडली. बंद केली.

मुकादमनं वाट पाहिली नाही. तोच म्हणाला, असं काही आपल्या कागदांत नाही. आहेत त्या मागण्यांप्रमाणे कंपोनंट चालला, एवढंच दोन ओळींत लिहून सोमवारपर्यंत द्यायचं. सही माझी, कारण कोड माझा.

आणि ते खरं आहे! अक्षरशः खरं. खोटं एकही अक्षर लिहायचं नाही मला. तेच टोचतंय.

गुरुवार, ४ एप्रिल

सकाळी यांना सगळं सांगितलं. हे गॅरेजमध्ये बसगाड्यांचं काम बघतात. बूट घालता घालता ऐकत होते, ते एका पायात बूट घेऊन तसेच बसून राहिले. त्यांचं म्हणणं, मूल झाल्यावर तू सहा वर्षं घरी होतीस, परत कुणी कामावर घ्यावं म्हणून दोन वर्षं उंबरठे झिजवलेस, ते आठव. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दे, न विचारलेल्याचं कशाला?

मी विचारलं, तुमच्याकडं ब्रेकची तक्रार तोंडी आली आणि तुम्ही विसरलात तर?

त्यांनी दुसरा बूट घातला. ‘मी विसरलो असतो तर वेगळं. तू विसरली नव्हतीस,’ म्हणाले आणि गेले.

माझ्या बाजूनं बोलले की विरुद्ध? दिवसभर तेच उलटंपालटं करतेय.

शुक्रवार, ५ एप्रिल

इस्पितळात फोन केला तीनदा. आजी तशाच. नातेवाईक कोण, म्हणून विचारलं. ठेवून दिला.

शनिवार, ६ एप्रिल

खिडकीवरच्या बाईंच्या घरी गेले. पत्ता इस्पितळातल्या त्यांच्या मैत्रिणीकडून मिळवला. तिसरा मजला, दाराबाहेर ओळीनं लहान-मोठ्या चपला. आत त्यांच्या सासूबाई पलंगावर भाजी चिरत बसल्या होत्या. मला ‘बसा’ म्हणाल्या. बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते समोरून. डोळ्यांखाली काळं.

मी बोलायला लागले ते थांबेचना. चेकबॉक्स, पान विसरतं ते, गुरुवार, शर्यत, सगळं. मी काढून टाकलं, मीच, असं म्हटलं. आणि मग — कशाला, देव जाणे — विचारलं, तुम्हाला काय वाटतं, मी काय करू?

त्यांनी हातातला टॉवेल नीट चार घड्यांत बसवला.

‘तुम्ही सांगा नाहीतर सांगू नका. पण ते ओझं माझ्या घरात आणून ठेवू नका. मला माझं पुरे आहे.’

सासूबाईंनी मान वर केली नाही, पण सुरी थांबली होती.

जिना उतरताना गाल तापले होते. क्षमा मागायला गेले होते की क्षमा घ्यायला?

रविवार, ७ एप्रिल

घर पुसलं. दोनदा. मुलगी म्हणाली, आई, पाय ठेवायला तरी जागा दे.

सोमवार, ८ एप्रिल

लिहिलं. दोन ओळींऐवजी पानभर. खिडकीवरच्या बाईंनी अंदाजे वयाची सोय मला तोंडी मागितली होती. मी हो म्हटलं. बांधली. चूक सापडेना म्हणून ७ मार्चला कुणाला न विचारता काढली. जुना कोड आणि तारीख-वेळ सोबत जोडली. वीस मार्चला त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी ‘येतंय’ म्हणून वेळ मारून नेली, तेही लिहिलं. ते सर्वांत अवघड गेलं. मुकादमला आणि इस्पितळाच्या चौकशी समितीला, दोघांना एकदमच पाठवलं. नाहीतर आधी मुकादमकडं गेलं असतं आणि त्याच्या खणात मुरलं असतं.

पाच मिनिटांत तो टेबलाशी. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात, म्हणाला, आणि आमच्याही. मग त्याच्या काचेच्या खोलीत जाऊन पाठमोरा बसला.

बुधवार, १० एप्रिल

या कामावरून मला काढलंय. पुढं काय ते वरचे ठरवणार. पण आधी ती चूक दुरुस्त करून द्यायची — कारण तो तुकडा दुसऱ्या कुणाला कळत नाही!

बसले. डोकं विचित्र शांत. तासाभरात सापडलं. पान दर वेळी नव्यानं रंगवताना मी चेकबॉक्सही नवा बनवत होते. ज्याच्या लक्षात खूण होती तो जुना कचऱ्यात, आणि त्याच्या जागी कोरा. फ्रेमवर्क विसरत नव्हता, मीच त्याच्या हातातलं काढून घेत होते. चेकबॉक्स एकदाच बनवायचा, पान जन्माला येतं तेव्हा, आणि तोच जपायचा.

चार ओळी. चार! त्या दिवशी अर्धा तास आणखी बसले असते तर — पण शर्यतीला गेले नसते तर सापडलं असतं, असंही नाही. मंगळवारी दिवसभर बसले होतेच की.

हिरवी ओळही काढली. आता जुळणी सापडली तरी फाइल आपोआप उघडत नाही. फॉर्म आधी विचारतो, हीच व्यक्ती का?

सोमवार, १५ एप्रिल

आजी आयसीयूतून बाहेर. श्वास स्वतःचा घेतायत.

आणि खिडकीवरच्या बाई आज कामावर परत. समितीनं ठपका मागं घेतला. त्यांच्या त्या मैत्रिणीनं कळवलं. त्यांच्याकडून काही निरोप नाही. का असावा?

तरीही दिवसभर एका जागी बसवत नाही. आता तर काही लपवायचंही उरलं नाही. मग हे काय आहे?

गुरुवार, १८ एप्रिल

माझं इथलं शेवटचं काम — दुरुस्त फॉर्म इस्पितळात बसवून देणं. बसवला. मग वॉर्डात गेले, लॅपटॉप घेऊन. आजींची नोंद आता त्यांच्या स्वतःच्या नावानं नवी करायची होती. ते मीच करते म्हटलं. उशीला टेकून बसल्या होत्या, चष्मा लावून. मी कोण ते सांगितलं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मी चेकबॉक्सवर खूण केली आणि मोठ्यानं, सावकाश विचारलं, आजी, अंदाजे वय काय लिहू?

‘अंदाजे कशाला?’ त्या म्हणाल्या. ‘सात ऑगस्ट, एकोणीसशे अठ्ठेचाळीस. शनिवार होता.’

मग माझ्याकडं बघत राहिल्या.

‘खिडकीपाशी मला कुणी विचारलंच नाही, बाळ. त्या बाईंनी एकदा तोंडाकडं पाहिलं आणि लिहिलं.’