पावाच्या पाटीतले किलोमीटर

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. आजपासून धावणं. दोन्ही एकदम सुरू केलेलं बरं, एक दुसऱ्याला सांभाळून घेतं.

'माडबाव रनर्स' या आमच्या गावच्या क्लबात नाव घातलं. क्लब काढला सिद्धेशने. समुद्राकाठी त्याचं होमस्टे आहे, पर्यटक नसले की त्याला असलं काहीतरी सुचतं. माझ्या बायकोने, सुशीलानेही नाव दिलं. तिला डॉक्टरांनी शुगरसाठी व्यायाम सांगितलाय. मला कुणी काही सांगितलेलं नाही, मी स्वखुशीने. सगळी नोकरी हायस्कूलच्या ऑफिसात खुर्चीवर गेली, पण माझ्यात मुळात एक खेळाडू आहे. परिस्थितीने त्याला उठू दिलं नाही.

सिद्धेशने जोडी चॅलेंज जाहीर केलं. जत्रेपर्यंत दोघादोघांनी धावायचं, फोनमधल्या ॲपवर दोघांचे किलोमीटर एकत्र मोजायचे. सुशीला आणि मी एक जोडी. पहिल्या जोडीला बक्षीस म्हणजे जत्रेदिवशी रवळनाथाच्या देवळात तिच्या नावाने गाऱ्हाणं. शंकरकाका गुरव देवासमोर नारळ धरून नाव घेणार आणि अख्खा गाव 'होय म्हाराजा' म्हणणार. मानकऱ्यांची घरं सोडली तर गावात हा मान कुणाला नाही. आमच्या घराण्याचं नाव तिथे आजवर फक्त नवसाच्या निमित्ताने गेलंय.

संकल्प: पहाटे उठणे. तळलेलं बंद. बांगडा फक्त रविवारी. (आज रविवार.)

४ नोव्हेंबर, मंगळवार
काल दव फार होतं. आज दव नव्हतं, पण कालच्या दवाने रस्ता निसरडा असणार. सुशीला जाऊन आली. बायकांच्या चपला चांगली पकड घेतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार
धावलो. पिंपळाच्या पारापर्यंत अगदी डौलात गेलो. पारापाशी बरगडीखाली कळ आली. समोर हॉटेल. अशा वेळी अंगात काहीतरी असावं लागतं, म्हणून उसळपाव.

गंगाराम पाववाला तिथेच चहा पीत होता. सायकलला मागे पावाची पाटी. वरच्या वाडीपासून खाडीपर्यंत तो भोंगा वाजवत घरोघर फिरतो. मनात आलं, त्या बाजूला फोनला रेंज मिळते का बघावं. फोन पाटीत ठेवू का विचारलं. गंगाराम म्हणाला, रवांदे, पाव काय तेका खावचे नाय.

माझा दुसरा चहा संपता संपता फोन परत आला. रेंज उत्तम आहे. ॲपने आपणहून किलोमीटरही मोजले होते, माझ्या नावावर. काढून टाकता येतात का ते बघितलं. फार वेळ बघितलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
फोन रोज गंगारामबरोबर जातोय. तात्पुरती व्यवस्था.

आज क्लबचा 'फन संडे'. किनाऱ्यावर शहाळ्याची रिले होती. शहाळं घेऊन धावायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. माझा टप्पा सिद्धेशच्या होमस्टेच्या मागून जात होता. तिथे ओट्यावर कोयता होता. ऊन होतं. पुढे आनंदीबाई उभ्या होत्या, आमच्या शाळेच्या निवृत्त बाई. त्यांनी शहाळं घेतलं, कानाशी धरून हलवलं आणि धावायचं सोडून माझ्याकडे बघत राहिल्या. आमची टीम बाद. असे नियम आधी स्पष्ट करावेत, असं मी सिद्धेशला सुचवलं.

मग घावणे आणि नारळाचा रस. सगळे खात असताना सिद्धेशने माझ्या धावण्याचा नकाशा दाखवला. म्हणाला, बघा, हरीकाका प्रत्येक घराच्या बेड्याकडे थांबतत. म्हणजे मी फाटकाफाटकाशी थांबून लोकांना व्यायामाला उठवतो, असा त्याने अर्थ लावला. मी नाही म्हणणार होतो, पण तोंडात घावणा होता. टाळ्या पडल्या. सुशीलानेही वाजवल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्याचं आठवत नाही.

छातीत काहीतरी टोचलं. ॲसिडिटी असावी.

१२ नोव्हेंबर, बुधवार
धोरण ठरलं. शाळेत आपण रजा आगाऊ देतो आणि मग वळती करून घेतो. तसं आधी किलोमीटर घ्यायचे, मागाहून खरे धावून भरायचे. मन एकदम हलकं झालं. तळलेले बोंबील खाल्ले.

गंगारामची तक्रार: आज खाडीवरच्या एका घराशी पाटीतून बाई इंग्रजीत बोलली. पाव घ्यायला आलेली म्हातारी ओरडत घरात पळाली. ॲपचा आवाज बंद करायला हवा.

१६ नोव्हेंबर, रविवार
आम्ही पहिल्या नंबरावर. सुशीलाने ॲपवरच्या यादीचा फोटो गौरजाला पुण्याला पाठवला. लेकीने स्टेटसला ठेवला, खाली लिहिलं, 'माझे बाबा'. ऑफिसातल्या मैत्रिणींना दाखवते म्हणाली. सावंतवाडीहून मेव्हण्याचाही फोन आला. यापूर्वी त्याने फोन केला तो गॅस एजन्सीचा नंबर विचारायला.

फोन वाजला की आधी नाव बघतो, मगच उचलतो. आज आनंदीबाईंना बघून आडवाटेने घरी गेलो. उगाच दगडांतून चालावं लागलं. ते किलोमीटर खरं तर धरायला हवेत.

१९ नोव्हेंबर, बुधवार
वळती सुरू. फोन स्वतःच्या खिशात घालून धावलो. घर ते पार. परत येताना रिक्षा मिळाली, पण ॲप प्रामाणिकपणे बंद केलं होतं. याची नोंद असावी.

आकडा बघून सिद्धेशचा लगेच फोन. काका, बरे आसास मां? ताप बीप नाय ना? लोकांना नमुना दाखवला की ते रोज तोच मागतात. उद्यापासून पुन्हा पाटी. नाहीतर उगाच क्लब काळजीत पडेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सुशीला संध्याकाळचीसुद्धा धावायला जाते, हे आज कळलं. मला वाटायचं, भजनाला जाते. घरी आली ती भिंतीला धरून. ढोपर सुजलंय. मी म्हटलं, एवढं कशाला गो? तर म्हणाली, तुमी इतके धावतास, माझे किलोमीटर दिसतत केवढेशे. लोक म्हणतले, बायलेन घोवाचो पाय ओढलो.

खोबरेल कोमट करून तिच्या ढोपराला चोळलं. तिने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, तुमचे हात बरे आसत. त्या वेळी मला फार वाईट वाटलं. रोजनिशीत खोटं कशाला लिहू, रडू आलं. तेलाची वाटी ठेवायला म्हणून उठलो.

उद्या सांगणार. सगळं.

२३ नोव्हेंबर, रविवार
पाहुणे होते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
असा निर्णय एकट्याने घेणं बरोबर नाही. देवळात जाऊन शंकरकाकांना कौल लावायला सांगितलं. ते देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. अडचण एवढीच, की प्रश्न गुरवाला मोठ्याने सांगावा लागतो. मी सांगितलं, आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थाने एक गोष्ट केली आहे, ती त्याने बायकोपासून लपवली तर चालेल का?

डावी पडली. तीही लगेच.

प्रश्न जरा ढोबळ झाला होता. म्हणून 'जत्रेपर्यंत' हा शब्द घालून पुन्हा विचारला. या वेळी कुठलीच पाकळी पडेना. शंकरकाका म्हणाले, देव इचारात आसा. आम्ही खूप वेळ उभे राहिलो. शेवटी ते म्हणाले, तुमच्या त्या गृहस्थाक सांगा, देवाक दोनदा इचारूचा नसता. जाताना विचारलं, तेची बायल बरी आसा मां? ढोपर कसा आसा तिचा?

देवाने स्पष्ट नाही म्हटलेलं नाही. दुसऱ्यांदा.

२९ नोव्हेंबर, शनिवार
सुशीलाला मालवणात डॉक्टरकडे नेलं. ढोपराचा फोटो काढला. ढोपरातली गादी झिजलीय. धावणं बंद, जिने बंद, पुढे काय ते बघू म्हणाले. त्यांनी विचारलं, या वयात एकदम एवढं का धावलात? तिने माझ्याकडे बोट दाखवलं, तेही कौतुकाने. हेंच्या वांगडा माझा नाव आसा ना, म्हणाली. डॉक्टरांनी मला शाबास म्हटलं. मी कॅलेंडर बघत बसलो.

एसटीत सांगायचं ठरवलं होतं. सुरुवात केली. म्हटलं, सुशीला, एक चूक झाली. बोला म्हणाली. मी सांगितलं, परवा फणसाचे तळलेले गरे मी संपवले, डबा मांजराने पाडला नव्हता. ती हसली. म्हणाली, माका ठाऊक होता.

गरे म्हणजे सुरुवात. पायरीपायरीने सांगायचं.

४ डिसेंबर, गुरुवार
निकाल लागला. आम्ही पहिले. सुशीला ढोपराला फडकं बांधून स्वयंपाकघरात उभी होती, तशीच खाली बसली आणि पदराने डोळे पुसले. म्हणाली, लग्न झाल्यापासून देवळात तुमचा नाव घेतत आणि माका फक्त 'सपत्नीक' म्हणतत. आता परवा जत्रेक माझा पण नाव घेतले.

मी सिद्धेशकडे गेलो. तब्येतीच्या कारणाने बक्षीस दुसऱ्या जोडीला द्यावं असं सुचवलं. तो म्हणाला, काका, ह्या तुमचा मोठेपण. आता तेही क्लबच्या ग्रुपवर टाकलंय.

एक मार्ग उरतो. गाऱ्हाणं झाल्यावर सांगायचं. आनंदात माणूस लवकर माफ करतो.

६ डिसेंबर, शनिवार. जत्रा
संध्याकाळ. जमेल तसं लिहितो.

देवळात मुंगीला जागा नव्हती. क्लबची मंडळी टीशर्ट घालून पुढे. सुशीला नवी साडी नेसून, अनवाणी, माझ्या दंडाला धरून. तिचं वजन माझ्या हातावर येत होतं. शंकरकाकांनी नारळ उचलला आणि सुरू केलं, बा देवा रवळनाथा, वाडीवस्तीच्या राखणदारा म्हाराजा. गाव म्हणाला, होय म्हाराजा. आज ही तुझी लेकरां, हरिश्चंद्र आणि सुशीला, तुझ्या पायाकडे उभी आसत. होय म्हाराजा.

नाव ऐकताच सुशीलाने माझा दंड दाबला. कानात म्हणाली, माका आणखी काय नको.

मग मला राहवेना. तिच्या कानात सांगून टाकलं. पाटी, गंगाराम, उसळपाव, सगळं. गाऱ्हाणं झाल्यावर सांगायचं होतं, ते मध्येच झालं. तिने दंड सोडला. पाय ओढत पुढे गेली आणि शंकरकाकांच्या कानाशी लागली.

शंकरकाकांनी माझ्याकडे बघितलं. सुरू केलेलं गाऱ्हाणं मध्येच तोडत नाहीत. त्यांनी हातातला नारळ सरळ केला आणि त्याच सुरात पुढे म्हणाले, तर ह्या हरिश्चंद्रान फोन पावांच्या पाटयेत घातलो आणि आपल्या नावावर फुकटचे किलोमीटर मोजले म्हाराजा.

गाव सवयीने म्हणाला, होय म्हाराजा. मग कुणाला तरी समजलं.

ता पोटात घाल म्हाराजा. होय म्हाराजा. या वेळी आवाज बराच मोठा होता, त्यात गंगारामचा वेगळा ऐकू आला. आणि ही सुशीला पायान खरी धावली, तिच्या ढोपराक आराम दी म्हाराजा. होय म्हाराजा. सिद्धेश खाली बघत होता. आनंदीबाई माझ्याकडे बघत होत्या. आता सगळ्यांना मी दिसतच होतो, म्हणून मीही म्हटलं. होय म्हाराजा. तेवढं एक या महिन्यात मी खरं बोललो.

नारळ सुशीलाच्या ओटीत घातला. तिच्या एकटीच्या.

पुढे दशावतार होता, पण ती थांबली नाही. मीही निघालो. तसा एकूण कार्यक्रम नीट पार पडला म्हणायचा. मारामारी झाली नाही. मान काढून घेतला असंही कुणी बोललं नाही.

नाही. असं नको लिहायला. तिचं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं आणि त्याच गाऱ्हाण्यात माझी लबाडी शिरली. तिचं ढोपर गेलं. माझं काहीच गेलं नाही.

घरी येताना ती पुढे होती, ओटीतला नारळ एका हाताने धरून, पाय ओढत. मी हाक मारली, सुशीला, रव गो जरा. तिने मागे बघितलं नाही. मी भरभर चाललो. मग धावलो. ओढ्यावरच्या साकवापाशी धाप लागून खाली बसलो. ती लंगडत वळणापलीकडे गेली होती. मला तिला गाठता आलं नाही.