खुरपून काढलेलं अंगण

लातूर, बुधवार संध्याकाळ

शाळेतून आले तर अंगण साफ. चिनी गुलाबाचं एकही रोप शिल्लक नाही. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून हिरवळीचा नाद सोडून उन्हात तगेल असं किती शोधून लावलं होतं. आत्ता कुठं माती झाकायला लागलं होतं.

सासूबाई पायरीवर, हातात खुरपं, खूश. "तुला येळ न्हाई, म्हणून म्याच खुरपलं. समदं घोळीचं तण माजलं होतं. लोक म्हनतील, या घरात बायका हायत का न्हाईत?"

"आत्या, ती घोळ नव्हती. मुद्दाम लावलेली फुलं होती!" आवाज चढलाच माझा.

त्यांनी खुरपं पायरीवर ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "समदी जमीन झाकलीस, तर सकाळी म्या काय झाडू? सडा कुठं टाकू?"

गाव सोडून इथं आल्यापासून त्यांच्या हाताला तेवढंच तर काम होतं. रोपं निवडताना ऊन पाहिलं, पाणी पाहिलं. हे कसं दिसलं नाही मला? माती उघडी ठेवली तर घर तापतं, धूळ आत येते. आणि झाकली तर?

जेवताना विचारलं, "दारापुढं मोकळं ठेवते. कडेनं काय लावू, आत्या?"

"तुजं घर हाय. तुला पायजे ते लाव."

आजवर त्या 'आपलं घर' म्हणायच्या.