मला तेवढं विचारलं नाही

१२ ऑगस्ट १९७६, तासगाव
अंजना आज वाचनालयात, माझ्या कामाच्या जागी, आली ती लेक म्हणून नाही, पीएच.डी.वाली म्हणून! हातात कागद, कपाळाला आठ्या. कॉलेजांचा कारभार कसा चालतो, माणसं कशी नेमतात, यावर तिचा प्रबंध. सातारा-सांगलीची बाकी कॉलेजं झाली. स्वतः शिकवते ते आमचं कॉलेज मुद्दाम शेवटी ठेवलेलं.

शिपाई कोंडीबाला विचारलं, "तुमची नेमणूक कशी झाली?"
तो हसला. "हिंदुरावसायबांच्या मळ्यावर हुतो. म्हणले, चल कॉलेजात. आपला माणूस हाय."
लिहून घेतलं. मग प्रयोगशाळेतला नाथाजी. मग माळी. सगळ्यांचं तेच — आपला माणूस.
मग कागद मिटला. "येते गं आई," म्हणाली आणि गेली.

मला विचारलं नाही.

कोंडीबा मागून म्हणतो, "बाई, पेचडी म्हंजे पेचात पाडायची डिगरी दिसतीया!" मी हसले. मग माझंच हसू मला बरं वाटेना.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. हिंदुराव भाऊजींचं भाषण झालं. माझे धाकटे दीर, संस्थेचे चेअरमन. खाली उतरले ते सरळ माझ्याकडे. "वैनी, पोरगी काय काय इचारत फिरतीया म्हणं. घरातलं घरात ऱ्हाऊ द्या." हसत म्हणाले. माणसं बघत होती म्हणून हसत.

हे असते तर आज पहाटेच बुटांना पॉलिश करत बसले असते. पासष्टच्या लढाईत गेले. अजून या दिवशी घरात पॉलिशचा वास येतो. कुठून येतो कोण जाणे.

२८ ऑगस्ट
अंजना कोल्हापूरहून आली. तोंड उतरलेलं. भाकरी मोडली, खाल्ली नाही. खोदून विचारलं तेव्हा बोलली. मार्गदर्शक सर म्हणाले, बाकीच्या कॉलेजांत एकेक नेमणूक नोंदवलीत, तुमच्याच कॉलेजाचं वाचनालय कोरं का? ते भरा, नाहीतर प्रकरण काढा. आणि ते प्रकरण काढलं तर प्रबंधात उरतं काय?

"काढते मी ते. दुसरा विषय घेईन पुढच्या वर्षी," म्हणाली. जणू भाजी बदलायची!

किती वर्षं एस.टी.ची धूळ खाल्ली या पोरीने. लोणंदच्या स्टेशनावर अंगात ताप घेऊन गाडीची वाट बघत बसलेली. लग्नाची स्थळं परत पाठवली. आणि आता काढते म्हणे.

"कोरं का ठेवलंस?" मी विचारलं. ती ताट उचलून आत गेली.

२९ ऑगस्ट
मला माहीत आहे का ठेवलं ते.

५ सप्टेंबर
हे गेल्यावर तेरावं उरकलं आणि भाऊजी म्हणाले, "वैनी, उद्यापास्नं कॉलेजात या." गेले. शाळेत मी दुसरीपर्यंत. पुस्तकांची धूळ पुसता पुसता त्यांच्या पाठीवरची नावं अक्षर अक्षर लावून वाचायला लागले. पहिलं पुस्तक पुरं वाचलं ते मधमाश्यांवरचं. उन्हाळा सगळा त्यात गेला. संपलं तेव्हा सांगायला कोणी नव्हतं, म्हणून यांच्या फोटोला सांगितलं.

नोकरी गेली तरी यांच्या पेन्शनीवर भाकरी मिळेल. त्याची काळजी नाही. पण सकाळी कुलूप काढलं की त्या खोलीतून जो वास येतो, तो मग कुठे मिळायचा?

१२ सप्टेंबर
भाऊजी घरी आले. पाटावर नीट बसले, चहा घेतला. भांडायला आले नव्हते, हे लिहून ठेवते.

"वैनी, कॉलेजाचं नाव न्हाई घातलं तरी आंधळ्याला कळंल. तुमी त्या पानांत आलासा तर मी तुमास्नी ठेवू कसा? आन काढलं तर भाऊबंद म्हणतील, रांडमुंड भावजयीला हाकललं. मला दोन्हीकडनं मारताय तुमी."

अंजना चुलीजवळूनच म्हणाली, "तात्या, मी कुणाची चूक काढत नाही. जे होतं ते मांडते."

"मग दुसऱ्याचं मांड की! आपल्या माणसाचं कोण मांडतं गं?"

अर्धा चहा तसाच ठेवून गेले. आजवर कधी ठेवला नव्हता.

१९ सप्टेंबर
सकाळीच अंजनाला म्हटलं, कागद घेऊन बस.
"आई, नको."
"कोंडीबाला विचारतेस, माळ्याला विचारतेस. मी काय भिंतीतला खुंटा आहे?"
"तुझी नोकरी जाईल."
"माझी जाईल ना? मग मला ठरवू दे."

तिने कागद पुढ्यात ओढला. मग पेनचं टोपण काढलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमची नेमणूक कशी झाली?"

तुमची! बोलायला लागल्यापासून मला अगंतुगं करणारी पोरगी. मी पदर सावरून नीट बसले. सगळं सांगितलं. दुसरी इयत्ता सांगितली. 'उद्यापास्नं या' सांगितलं. लाज वाटेल असं धरून चालले होते. वाटली नाही.

मग खाली बघून तिने पुढचं विचारलं. "त्या जागेसाठी आणखी कोणी आलं होतं का?"

"माहीत नाही."
"कधी चौकशी केलीत?"
"नाही."

तिने लिहिलं. टोपण लावलं. मग म्हणाली, "आई, चहा टाकू? तू घेशील?"

२२ सप्टेंबर
कोंडीबाला आज मीच विचारलं.
"आलत्या की! तिघी. भाइरच्या बाकड्यावर बसवल्या, सांजच्याला घरला लावून दिल्या. एक मॅट्रिक झाल्याली व्हती बगा, शालूबाई. बौद्धवाड्यातल्या आकारामची लेक. सांगलीला हळदीच्या वखारीत असती आता. हळद निवडती."
"मला कधी बोलला नाहीस, कोंडीबा!"
"तुमी कवा इचारलंसा, बाई?"

अंजनाला सांगितलं. तिने डोळे माझ्यावरून हलवले नाहीत.

२३ सप्टेंबर
आज माझ्याने एकही पान वाचवलं नाही.

६ ऑक्टोबर
प्रकरण कोल्हापूरला दाखवून झालं, आमच्या वाचनालयासकट. सरांना पसंत. फक्त म्हणाले, ज्यांना परत पाठवलं त्यांच्यातलं कुणी बोललं तर बघा.

इकडे भाऊजींचा निरोप. कोंडीबाने आणला, पायांकडे बघत सांगितला. "दिवाळी झाल्याव येऊ नका म्हणल्यात." अंजना कायम झालेली आहे, तिला हात लावता येत नाही. मला लावता येतो.

मला वाटलं होतं, रडू येईल. राग आला. माझी जागा! मी झाडलेली, मी पुसलेली, माझी जागा! दिवसभर तेच घोळत होतं.

९ ऑक्टोबर
अंजनाने सांगलीहून शालूबाईंना आणलं. माझ्याहून लहान, पण केस पिकलेले. हळदीने तळवे पिवळे पडलेले, ते पदराला पुसत वाचनालयाच्या दारात उभ्या राहिल्या. "बाकडं हितं व्हतं," म्हणाल्या. "हितनं कपाटं दिसायची."

मी खुर्चीवरून उठले. "बसा."
त्या बसल्या नाहीत. मीही बसले नाही.

प्रश्नांचा कागद अंजनाच्या हातात तसाच. शालूबाई कपाटांवरून सावकाश नजर फिरवत गेल्या आणि त्यांनीच मला विचारलं, "बाई, यातली किती वाचलीसा?"