वेलाची सावली

वहिनी,

कामावर निघालोय. तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. सोलर पॅनेल पुसायला गच्चीवर गेलो, तर दादाचा वेल कापलेला. तो गेल्यापासून त्या वेलाला तू कुणाला हात लावू दिला नव्हतास.

एका पॅनेलवर सावली पडली तरी अख्खी रांग ढेपाळते आणि बॅटरी अर्धीच भरते, हे मला कधीचं माहीत होतं. तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली नसतीस, म्हणूनच गप्प बसलो. त्या भोचक पॅनेलवाल्यानेच तुझ्या कानावर घातलं असणार.

काल दुपारभर लाइट नव्हती, तरी आईचं ऑक्सिजनचं मशीन थांबलं नाही. मला वाटलं, ऊन कडक म्हणून. आता कळलं. तोंडावर बोलायला जमणार नाही, म्हणून लिहितो. तुझे उपकार फिटायचे नाहीत.

कापलेल्यातल्या चांगल्या फांद्या जिन्यातल्या बादलीत पाण्यात ठेवल्यात. मागच्या भिंतीशी खड्डाही खणलाय, तिथली सावली पॅनेलपर्यंत येत नाही. लावायला मात्र माझी वाट बघ. दादाने वेल लावला, तेव्हा रोप धरायला मीच होतो.