पंख वर असलेलं विमान

६ जानेवारी
घेणार म्हणजे घेणार! रिमोटवर उडवायचं विमान. कपाटावर ठेवायचं खेळणं नाही — आभाळात जाणारं.
नणंदेचा फोन होता. "कुणासाठी घेताय?" माझ्यासाठी. मग हळूच — "वहिनी, गोळ्यांमुळे होत असेल का हो असं?"
नाही बाई. गोळ्यांमुळे झोप येते. हे मला जागेपणी सुचलंय.

८ जानेवारी
आज चौकशीच्या खिडकीवर एक आजोबा आले. "दुपारच्या गाडीवर एक बाई असायच्या. ब्रेक लावला तरी कळायचं नाही. कुठं गेल्या?" म्हटलं, बदलली त्यांची ड्युटी. त्या मीच, हे काही सांगवलं नाही.
डेपोच्या कॅन्टीनमध्ये फिटचा झटका येऊन पडले, त्या दिवसापासून ही खिडकी. स्टिअरिंगवर असताना झालं नाही हे नशीब — सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण इतकी वर्षं बस वळवलेल्या हातांनी आता काय, वेळापत्रकाची पानं उलटायची? मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर्षभर झटका आला नाही तर बसचं बघू." तोवर घरात गॅसजवळ एकटीनं जायचं नाही. आंघोळीला गेले की नवरा दाराबाहेर उभा! जीव लावतो, कळतं. पण जीव लावता लावता जीव नकोसा करतो, त्याचं काय?
शेवटच्या थांब्यामागच्या मैदानावर रविवारी विमानं उडवतात. गाडी उभी केली की काचेतून बघत बसायचे. तेव्हा वेळ नव्हता. आता वेळच वेळ!

१० जानेवारी
दुकानात गेले. दुकानदार — "मुलगा किती वर्षांचा आहे?"
"चव्वेचाळीस. आणि मुलगा नाही, मीच."
मग त्यानं एक लालभडक काढलं. लढाऊ. पंख पोटाखाली, नाकावर दात रंगवलेले. "उलटंसुद्धा उडतं, मॅडम!" जीवच जडला माझा. पर्स उघडली होती. पण जुनी गाडी मी मेकॅनिकला विचारल्याशिवाय घेतली नसती, मग हे कसं घेऊ? आले परत.

१२ जानेवारी
मैदानावर गेले. तिथं शिकवतात ते दातांचे डॉक्टर. त्यांना सगळे दातवालेच म्हणतात. लाल विमानाचं सांगितलं. म्हणाले, "उलटं उडतं ते खरंय — विशेषतः तुम्हाला नको असेल तेव्हा."
"ते तिसरं विमान झालं, बाई. पहिलं घ्या ते पंख धडाच्या वर असलेलं, पंखांची टोकं जरा उचललेली. फोमचं. रिमोटची काडी सोडली की आपसूक सरळ होतं. हळू उडतं, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो. आणि सुटे भाग मिळतात का, ते आधी विचारा. तुटणार तर आहेच."
आपसूक सरळ होणारं? मला आधी रागच आला. इथंही सांभाळून घेणारं! परत येताना मात्र आठवलं — नवीन पोरगी माझ्या हाताखाली बस शिकायला आली की मी तिला नवी कोरी गाडी कधी दिली? डेपोतली जुनी, दणकट, चुका पोटात घालणारी गाडीच द्यायचे. आणि त्यात तिचा अपमान आहे, असं मला कधी वाटलं नाही.
निघताना झटक्यांचंही सांगून टाकलं. छाती पुढे काढूनच! ते म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत. मी शेजारी उभा राहीन, माझ्या हातात दुसरा रिमोट, लागलंच तर विमान मी सांभाळीन. नवशिक्यांना तोच नियम आहे, तुमच्यासाठी वेगळा नाही." वेगळा नाही! किती महिन्यांनी कुणी हे शब्द उच्चारले!

१८ जानेवारी
घेतलं. पांढरं, पिवळ्या पोटाचं. दिसायला अगदी बदक. पण पंख वर.

२० जानेवारी
कामावरून आले, खोकं गायब. नवऱ्यानं दुकानात परत दिलं! मला न विचारता!
"आभाळाकडे बघत उभी राहशील. तिथंच पडलीस तर? मी कुठं असणार?"
"फ्रीजच्या मागे. नेहमीसारखा." (फ्रीज दुरुस्त करतो.)
हसला नाही. मीही नाही. "तू पडलीस तेव्हा मला फोनवर कळलं," एवढंच म्हणाला.

२१ जानेवारी
गेले आणि तेच खोकं परत आणलं. दुकानदार पडेल तोंडानं, "साहेब म्हणाले होते की..." म्हटलं, साहेब फ्रीजचे. विमानाची मी.
घरी आणून पलंगावर ठेवलं, नवऱ्याच्या उशीवर.

२६ जानेवारी
पहिला दिवस. आपटलं! समोरून येऊ लागलं की डावं उजवं होतं, उजवं डावं. जन्मभर आत बसून चालवलं, हे बाहेर उभं राहून चालवायचं. डोकं भणाणलं. दातवाले ओरडले, "जो पंख खाली झुकलाय, काडी त्याच्याकडे!" तोवर बदकाची मान मोडली होती.
बाकीचे बाप्ये गालात हसत होते. हसा! गोंद आणलाय. नवरा लांब गाडीत बसून होता. काचसुद्धा खाली केली नाही.

२ फेब्रुवारी
परत आपटलं. एक पंख नवीन.

२३ फेब्रुवारी
उडालं! मी वर नेलं, मी वळवलं, मी उतरवलं. दातवाल्यांनी त्यांच्या रिमोटला बोट लावलं नाही — लक्ष होतं माझं. वळण असं घेतलं की आत कुणी उभं असतं तर दांडा धरावा लागला नसता.
पहिल्या दिवशी हसणाऱ्यांतला एक जण विचारत आला, पहिलं विमान कुठलं घेऊ भाचीला? सगळं सांगितलं. लाल नको, हेही.
नवऱ्याला म्हटलं, बघितलंस? म्हणाला, "मी तुझ्याकडे बघत होतो."

९ मार्च
वाऱ्यातही उतरवलं. डॉक्टरीणबाईंकडे पुढच्या महिन्यात जायचंय, वर्ष पुरं होतंय. बस मिळणार. मिळायलाच हवी!

१४ मार्च
झटका आला. जेवताना, घरातच. वाटलं, मोजणी परत पहिल्यापासून. डॉक्टरीणबाई तर फोनवर स्पष्टच बोलल्या — बस आता विसरा. रडले. खूप रडले. नवऱ्यानं सांडलेलं पुसलं, शेजारी जमिनीवर बसला. मग म्हणाला, "रविवारी मलाही शिकव. तुझ्या हातून सुटलं तर खाली आणणारं कुणीतरी हवं ना."
म्हटलं, माझ्या विमानाला हात लावायचा नाही. आधी स्वतःचं घे.