गाळणीतली सात पिल्लं

अवनी,

कॉलेजातून आलीस की आधी फिशटँक बघ. आजीनं सकाळी जाळीच्या डब्यातली मॉलीची पिल्लं मोठ्या माशांत सोडली. "लेकरांना आईपासून का तोडलंत?" म्हणाली. आईच त्यांना खाते, हे तुला तिनंच शिकवलं होतं ना! चहाच्या गाळणीनं मी सात वाचवली, ती बरणीत आहेत. नळाचं पाणी घालू नकोस, टँकमधलंच घाल.

आम्ही डॉक्टरांकडे जातोय. फोन करू नकोस, तिच्यासमोर बोलता येणार नाही मला.

आत्ता ती जगतपुऱ्यातल्या आपल्याच घराच्या दारात चपला घालून उभी आहे आणि रिक्षावाल्याला विचारावं तसं मला विचारतेय, "भैया, जगतपुरा चलोगे? मेरे मिस्टर घर पे राह देख रहे होंगे."

आबा